बालवाडीत मुले नेमके काय शिकतात?

जूनमध्ये शाळा सुरू होऊन पंधरवडा लोटला, की मिस्सानंतर आवारात भेटणाऱ्या तरुण पालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : "फादर, पोर दिवसभर नुसते खेळते. वहीत एक अक्षर नाही!" पालकांची ही काळजी प्रामाणिक आहे. म्हणूनच त्या खेळाचा अर्थ येथे थोडा उलगडावा असे आम्हांस वाटते.

दोऱ्यात मणी ओवणारे मूल अंगठा व बोटे यांची चिमूट साधत असते. पुढे पेन्सिल धरायची ती याच चिमटीत. ही बोटे सरावण्याआधी हाती पेन्सिल कोंबली, तर अक्षर गिरवले जाते. पण हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा मात्र कायमचा चिकटतो. चिंचोक्यांचे लहान-मोठे ढीग करणे हीच गणिताची सुरुवात होय. एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाकडे सात चिंचोके मागून पाहा. अनेकदा ते अडखळते. आकडे पाठ होणे वेगळे आणि संख्या कळणे वेगळे. गाणी-गोष्टींतून शब्द वाढतात, तर झोपाळ्यापाशी आपली पाळी येईपर्यंत थांबणे हा तर मोठ्यांनाही न जमणारा धडा आहे!

हे विचार आजचे नाहीत. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या संस्थेस 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. डॉ. मारिया माँटेसरी या कॅथलिक विदुषीने ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवता फिरवता तेथील मुले आपणहून लिहू लागली.

आपल्या परिसराला तर याबाबतीत अभिमान वाटावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते १९५७ साली डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साहित्याची जागा पाने, खडे व बिया यांनी घेतली. देणगीतून झगझगीत खेळणी आणण्यापूर्वी आपल्या शाळांनी हे ध्यानात घ्यावे.

श्रद्धेचे बीजही याच वयात रुजते. सोफिया कावालेत्ती व जान्ना गोब्बी यांनी १९५४ साली रोममध्ये माँटेसरी पद्धतीने श्रद्धाशिक्षण सुरू केले. तीन वर्षांचे मूल तेथे लाकडी मेंढवाड्यातील मेंढरे हाताळते, चिमुकली वेदी मांडते आणि उत्तम मेंढपाळाची कथा शांतपणे ऐकते. प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ वर्षे या पायाभूत टप्प्यात खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर आहे. तेव्हा इंग्रजी शब्दांच्या हव्यासापायी घरातील सामवेदी वा वाडवळी बोली मुलापाशी बंद करू नये. त्याचा विचार त्याच बोलीत आकार घेत असतो.

बालवाडी निवडताना फलकावरील माध्यमापेक्षा मोकळी जागा, स्वच्छ शौचालय आणि बाईंचा आवाज यांकडे पाहावे. आणि घरी वालाच्या शेंगा सोलायला बसाल, तेव्हा चार शेंगा मुलाच्याही पुढ्यात टाकाव्यात. दाणे सांडतील, ते त्यालाच वेचू द्यावेत.