तंबोऱ्यातला न छेडलेला गंधार

'सैराट'साठी (2016) अजय-अतुल यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर साठाहून अधिक वादकांचा सिंफनी वाद्यवृंद बसवला. धुळ्याच्या वरातीत बँडवाले तीच गाणी वाजवतात, तेव्हा चाल ट्रम्पेट-क्लॅरिनेटकडे, ठेका ढोल-ताशाकडे, आणि गाणं क्षणात ओळखू येतं. मूळ ध्वनिमुद्रण मात्र हेडफोन लावून ऐकावं. चाल आणि ठेका यांच्या मधे केवढं घडत असतं!

तिथे राहते हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणारे वेगवेगळे स्वर. सा, ग, प हे तीनच स्वर घ्या. अगदी खर्जात चेलो आणि डबल बास यांना सा-ग शेजारी-शेजारी दिले, तर नुसती घरघर ऐकू येते. तोच गंधार उचलून वर व्हायोलाला द्या, खाली सा आणि पंचम मोकळे ठेवा. सगळं लख्ख उजळतं. स्वर तेच, फक्त जागा बदलली.

असं का होतं, ते जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात तंबोरा लागतो तेव्हा कान देऊन ऐकावं. खर्जाची तार सेकंदाला 100 वेळा कंपत असेल, तर तिच्यातूनच 200, 300, 400, 500 अशी कंपनंही उमटतात: वरचा सा, पंचम, आणखी वरचा सा आणि मग गंधार. तो कुणीच छेडलेला नसतो! जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खाली विरळ, वर दाट ही मांडणी तारेची स्वतःचीच आहे.

वाद्यांच्या जथ्याचंही असंच नवल. दहा व्हायोलिनांचा आवाज एका व्हायोलिनच्या दहापट वाटत नाही, जेमतेम दुप्पट वाटतो. पण दहा जणांचे स्वर केसभर मागे-पुढे असतात आणि त्यातून जी मखमल तयार होते, ती एकट्या उस्तादालाही काढता येत नाही.

आता यात राग आणा. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य. उरलेल्या पाच स्वरांत त्रिस्वरांचे नेहमीचे मेळ बसतात दोनच: प्रसन्न सा-ग-प आणि हळवा ध-सा-ग. एवढ्यावर दहा मिनिटांची रचना कशी उभी करायची? मला तर इथेच रचनाकाराचा खरा कस दिसतो. तो ध-सा-ग आधी बासऱ्यांना देतो, मग चेलोंना, मग हलक्या फुंकरीने हॉर्नना, आणि दर वेळी तो मेळ नवाच ऐकू येतो.