सात सुयांचा स्फोट

पहिली सुई लागली तरी शत्रू फारसा डगमगत नाही. दुसरी, तिसरी, चौथी लागते. गुलाबी-जांभळ्या रंगाचे चमकते स्फटिक त्याच्या अंगात अर्धवट रुतून बसतात. तो अजूनही उभा असतो, उलट गोळ्या झाडत असतो. मग सातवी सुई लागते आणि रुतलेल्या सगळ्या सुया एकाच क्षणी फुटतात. गुलाबी लोळ उठतो, शत्रू जागीच कोसळतो आणि शेजारी उभा असलेलाही होरपळतो.

'हेलो' या व्हिडिओ गेममधले हे परग्रहवासीयांचे शस्त्र. त्याचे नाव नीडलर. १५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्ससोबत 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड' बाजारात आला. तो बंजी या अमेरिकन स्टुडिओने घडवला होता. खेळाची कथा २५५२ सालची आहे. माणूस ताऱ्याताऱ्यांत वसाहती करून राहतो आहे आणि 'कव्हनंट' नावाची, अनेक परग्रही जमातींची एक कडवी धार्मिक आघाडी त्याचा नायनाट करायला निघाली आहे. कव्हनंटची बहुतेक शस्त्रे तापलेल्या प्लाझ्माचे गोळे फेकतात. नीडलर त्यांत वेगळी उठून दिसते, कारण ती घन वस्तू फेकते. तिच्या पाठीवर साळिंदराच्या काट्यांसारख्या सुया उभ्या असतात. दारूगोळा संपत आला की त्याही कमी होत जातात, त्यामुळे आकडा न वाचताही किती मारा उरला आहे ते कळते.

या सुया ज्या पदार्थाच्या, त्याला कथेत 'ब्लॅमाइट' म्हटले आहे. कव्हनंटमधील योद्ध्यांची जमात सँगहेली. त्यांचा मूळ ग्रह सँगहेलिओस आणि त्याचा एक चंद्र सुबान. हे स्फटिक त्या चंद्रावर खाणीतून काढले जातात, अशी कथा आहे. म्हणजे एका काल्पनिक काडतुसाला खाण आहे, भूगोल आहे आणि ते पुरवणारी एक अख्खी व्यवस्था आहे. विज्ञानकथेतील शस्त्र खरे वाटू लागते ते अशा तपशिलांमुळे. नुसते 'महाभयंकर किरण' म्हटले की वाचक मान डोलावतो आणि विसरून जातो.

पण नीडलर इतकी वर्षे लक्षात राहिली ती तिच्या नियमांमुळे. सुई लक्ष्याच्या मागे स्वतःच वळते, त्यामुळे नेम अचूक नसला तरी चालतो. त्या बदल्यात ती हळू जाते. इतकी हळू, की समोरचा तिला येताना पाहू शकतो आणि खांबाआड सरकू शकतो. एकेकटी सुई रुतल्यावर काही क्षणांनी फुटते, पण तिने होणारी इजा किरकोळ असते. पहिल्या खेळात थोड्या वेळात सात सुया रुतल्या तरच मोठा स्फोट होतो. पुढच्या भागांत हे हिशेब थोडेफार बदलले, पण मूळ कल्पना कायम राहिली. २०१० च्या 'हेलो: रीच'मध्ये याच स्फटिकांवर चालणारी, दुर्बीण लावलेली नीडल रायफल आली. तिच्या तीनच सुयांत स्फोट होतो, मात्र समोरच्याभोवती ऊर्जेचे कवच असेपर्यंत त्या आत शिरत नाहीत. २०२१ च्या 'हेलो इन्फिनिट'मध्येही नीडलर आहेच.

या नियमांमुळे प्रत्येक चकमकीला आपोआप एक छोटीशी कथा मिळते. पाच सुया रुतल्या आहेत, सहावी हवेत आहे आणि शत्रू भिंतीआड निघाला आहे. आता पुढे घुसायचे की माघार घ्यायची? पहिल्या 'हेलो'मध्ये खेळाडूला एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे नीडलर उचलायची तर हातातले दुसरे काहीतरी टाकावे लागते. जेमी ग्रीसेमर हे या खेळाचे एक रचनाकार. तीस सेकंदांची रंगत साधायची आणि ती वेगवेगळ्या परिस्थितीत पुन्हापुन्हा फुलवायची, हे त्यांचे सूत्र खेळांच्या जगात प्रसिद्ध आहे. त्या तीस सेकंदांत ताण कसा चढतो आणि कुठे फुटतो, हे नीडलरइतके स्पष्ट दाखवणारे शस्त्र त्या खेळात दुसरे नाही.

परग्रहवासीयांना असा स्वतंत्र दारूगोळा देण्याची रीत जुनी आहे. एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपात निघाली. तिच्यातील मंगळवासीयांचे उष्णताकिरण सर्वांना आठवतात. त्यांच्या नळ्यांतून सुटणारी डबडी कमी जणांना आठवतात. ती जमिनीवर आदळून स्फोटाविना फुटतात आणि त्यांतून जड, काळा, विषारी धूर पसरतो. त्यानंतर दोन दशकेही उलटली नव्हती, तोवर २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला.

ब्लॅमाइट निसर्गात नाही. तरीही स्फटिकाचे काडतूस ही कल्पना वाटते तितकी हवेतली नाही, कारण माणसाची बहुतेक जोरदार स्फोटके स्फटिकरूपच असतात. आरडीएक्स हा पांढरा स्फटिकी पदार्थ आहे. सीएल-२० या आणखी प्रखर स्फोटकाचा रेणू पिंजऱ्यासारख्या घडणीचा असतो आणि तोही स्फटिकरूपात मिळतो. अमेरिकेतील चायना लेक येथील नौदलाच्या केंद्रात १९८७ मध्ये तो प्रथम तयार झाला. पुण्यात पाषाणला असलेल्या डीआरडीओच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेनेही तो बनवला आहे.

स्फोटक म्हणजे प्रचंड ऊर्जेचे कोठार, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. एक किलो टीएनटीच्या स्फोटातून सुमारे १,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक किलो तुपात जवळपास ९,००० किलोकॅलरी असतात. तरी तुपाचा डबा फुटत नाही, कारण तुपाला जळायला बाहेरून प्राणवायू लागतो आणि तो सावकाश मिळतो. स्फोटकाच्या रेणूत जळणारे घटक आणि प्राणवायू शेजारी शेजारीच बांधलेले असतात. एकदा धक्का बसला की आघाताची लाट टीएनटीमध्ये सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर, तर आरडीएक्समध्ये सुमारे ८,७०० मीटर वेगाने धावते. हवेतला ध्वनी सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो. सगळा विध्वंस या वेगात आहे.

स्फटिक कुठून पेटायला लागतो, याचा शोध केंब्रिजमध्ये फ्रँक बोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास घेतला. आघाताने सगळा स्फटिक एकदम तापत नाही. आतली एखादी सूक्ष्म पोकळी चेपली जाते, दोन कण एकमेकांवर घासतात आणि अत्यंत लहान जागेत तापमान भडकते. अशा तप्त बिंदूंतून स्फोट पसरतो. म्हणूनच स्फोटके बनवणारे रसायनतज्ज्ञ स्फटिकांचा आकार, त्यांतल्या पोकळ्या आणि कडांची घडण यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. एकच रसायन, पण खराब घडणीच्या स्फटिकांत भलतेच हळवे होऊ शकते.

गुलाबी-जांभळ्या स्फोटाचेही एक खरे उदाहरण आहे. नायट्रोजन ट्राय-आयोडाइड हा पदार्थ कोरडा झाल्यावर पिसाच्या स्पर्शानेही कडाडून फुटतो आणि आयोडिनच्या वाफेचा जांभळा ढग उठतो. तो इतका लहरी आहे की शस्त्र म्हणून त्याचा काहीच उपयोग नाही. ब्लॅमाइट बंदुकीत हादरे सोसतो, हवेतून जातो, अंगात घुसतो आणि ठरल्या वेळीच फुटतो. ही शिस्त खऱ्या रसायनशास्त्रात फार कष्टाने मिळते. खऱ्या दारूगोळ्यात ती साधण्यासाठी हळवे स्फोटक चिमूटभर वापरतात, दणकट स्फोटक भरपूर, आणि दोहोंमध्ये वेगळी यंत्रणा बसवतात.

रसायनाविना फुटणारी वस्तूही अस्तित्वात आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की त्याला लांब शेपूट येते आणि तो थिजतो. हे 'प्रिन्स रूपर्टचे थेंब' सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये आले आणि १६६१ मध्ये रॉयल सोसायटीत त्यांचे प्रयोग झाले. थेंबाच्या डोक्यावर हातोडी हाणली तरी तो बहुधा टिकतो, पण शेपटीचे टोक मोडले की क्षणात सगळ्याचा भुगा होतो. बाहेरचा थर आधी थंड होतो आणि आतला नंतर आक्रसतो, त्यामुळे काचेत प्रचंड ताण साठून राहतो. १९९४ मध्ये श्रीनिवासन चंद्रशेखर आणि मुनव्वर चौधरी यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे फुटणे टिपले. काचेतली भेग सेकंदाला १,४५० ते १,९०० मीटर वेगाने धावताना दिसली. काच स्फटिक नव्हे, हे खरे. पण लांबट, पारदर्शक, सुईसारखी निमुळती, आत ताण भरलेली आणि एका ठिकाणी दुखावताच सर्वस्वी फुटणारी वस्तू हवी असेल, तर नीडलरच्या सुईचे याहून जवळचे भावंड पृथ्वीवर सापडणे कठीण.

सहा सुयांनी काही होत नाही आणि सातवीने सगळे होते, असा उंबरठा निसर्गातही असतो. अणुस्फोटात तो सर्वात ठळक दिसतो. युरेनियम-२३५ च्या लहान गोळ्यात अणुभंगातून निघालेले बरेचसे न्यूट्रॉन पृष्ठभागातून निसटतात, म्हणून एका अणुभंगातून पुढचे अणुभंग घडण्याची साखळी तुटते. गोळा मोठा होत गेला की निसटणाऱ्यांचे प्रमाण घटते. बाहेर कोणतेही आवरण नसलेल्या गोळ्याचे वजन सुमारे ५२ किलोपर्यंत गेले की साखळी स्वतःच्या बळावर चालू राहते. या साखळीच्या शोधाच्या इतिहासातही वेल्स भेटतात. त्यांच्या १९१४ च्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत 'अणुबॉम्ब' होते आणि ते दिवसेंदिवस फुटत राहत. हंगेरियन शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ती १९३२ मध्ये वाचली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या रस्त्यावरून चालताना त्यांना न्यूट्रॉनच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. कल्पनेतल्या स्फोटकाने खऱ्या स्फोटकाच्या वाटेवर दिवा धरल्याचे याहून गंभीर उदाहरण नसेल.

लक्ष्याच्या मागे वळणारी गोळी आता कल्पना राहिलेली नाही. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१२ मध्ये सुमारे चार इंच लांबीची, बाणासारखी गोळी जाहीर केली. तिच्या टोकाला प्रकाश ओळखणारा संवेदक आहे आणि मागे छोटे पंख. लक्ष्यावर लेझरचा ठिपका टाकला की ती उडता उडता पंख हलवून त्या दिशेने वळते. अमेरिकेच्याच डार्पा या संस्थेने १२.७ मिमी व्यासाच्या वळणाऱ्या गोळीच्या चाचण्या घेतल्या आणि २०१५ मध्ये तिने हलते लक्ष्य टिपले. गुलाबी सुया लेझरविना स्वतःच माग काढतात, एवढाच काय तो फरक उरला आहे.

अंगात रुतून मग फुटणाऱ्या गोळीचा प्रश्न मात्र माणसाने दीडशे वर्षांपूर्वीच ऐरणीवर घेतला होता. १८६३ मध्ये रशियन सैन्यासाठी कठीण पृष्ठभागावर आदळून फुटणारी गोळी तयार झाली. शत्रूच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडवणे हा तिचा हेतू होता. १८६७ मध्ये तिच्यात बदल झाला आणि ती मऊ लक्ष्यावर, म्हणजे माणसाच्या देहावरही फुटू लागली. ज्याने हे अस्त्र घडवले त्याच रशियाने ते वापरायचे नाकारले आणि इतर देशांनाही वापरू देऊ नये म्हणून सर्वांना बोलावून घेतले. ११ डिसेंबर १८६८ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे जाहीरनामा झाला. ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे स्फोटक किंवा ज्वालाग्राही प्रक्षेपक वापरायचे नाहीत, असे ठरले. त्यामागचा युक्तिवाद साधा आणि थोर होता. शत्रूचा सैनिक लढण्याजोगा राहिला नाही की युद्धाचे काम झाले. त्याच्या यातना विनाकारण वाढवण्याचा अधिकार कुणालाच नाही. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यातून निघालेल्या, देहात शिरून पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली, ती याच विचाराने.

पुढे विमानांवर मारा करताना लहान स्फोटक गोळे सर्रास वापरले गेले आणि ४०० ग्रॅमची रेघ व्यवहारात पुसट झाली. माणसावर मुद्दाम स्फोटक गोळी झाडण्याचा निषेध मात्र आजही युद्धकायद्यात टिकून आहे.

'हेलो'च्या कर्त्यांनी नीडलर माणसांच्या कारखान्यात न घडवता शत्रूच्या हाती दिली, हा निर्णय म्हणूनच योग्य वाटतो. रुतलेल्या सुया आणि स्फोट यांमधला तो क्षण क्रूर आहे, आणि कव्हनंट हा कसा शत्रू आहे ते त्यातून एका शब्दाविना कळते. त्याच खेळातल्या माणसाच्या मुख्य रायफलीत, एमए५बीमध्ये, २५५२ सालीही धातूचे पूर्ण आवरण असलेली ७.६२ बाय ५१ मिमीची नाटो गोळी भरलेली असते. नाटोने हे काडतूस १९५० च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारले आणि भारतीय जवानांच्या खांद्यावर अनेक दशके असलेल्या एसएलआर रायफलीतही तेच होते.