शेवटचे दहा मीटर

समुद्रात लहान बोट घेऊन जाणाऱ्याची खरी परीक्षा धक्क्याला लागताना होते. खोल पाण्यात चूक झाली तर ती सुधारायला जागा असते आणि वेळही असतो. धक्क्यापाशी दोन्ही नसतात. दहा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीचे वजन पाच-सहा टन भरते. तिला ब्रेक नसतो. वारा तिला बाजूने ढकलतो, प्रवाह खालून ओढतो आणि पुरेसा वेग असल्याशिवाय सुकाणू ऐकत नाही. या शेवटच्या दहा मीटरांची सोय करण्यासाठी जगभर जी संस्था उभी राहिली, तिचे नाव मरिना. आपल्याकडे हा शब्द ऐकला की उंची याट आणि त्यांचे धनाढ्य मालक आठवतात, आणि चर्चा तिथेच संपते. मला मात्र मरिनाचे मोल तिथल्या बोटींच्या किमतीवरून ठरवणे चुकीचे वाटते. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. दोन सर्वसाधारण माणसे, समजा एक जोडपे, दिवसभर किनाऱ्याने बोट चालवून संध्याकाळी कुणाच्या मदतीशिवाय सुखरूप जमिनीवर पाऊल ठेवू शकतात का? ज्या किनाऱ्यावर हे शक्य असते, तो किनारा म्हाताऱ्यांना, मुलांना, मासेमारांना आणि रोजच्या प्रवाशांनाही सोपा झालेला असतो. या कसोटीवर आपला कोकण किनारा तपासून पाहण्यासारखा आहे.

कसोटी दोघांचीच का, हे मुंबईजवळच्या एखाद्या दिवसावरून कळते. गेटवे ऑफ इंडियापासून मांडवा सुमारे सात सागरी मैलांवर आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. चार-पाच नॉट वेगाच्या बोटीला जायला दीड-दोन तास पुरतात. परतताना वायव्येचा वारा तोंडावर येतो, म्हणून नागमोडी वाट घ्यावी लागते आणि वेळ वाढतो. भरती-ओहोटीचा ओघ आडवा लागतो. वाटेत मोठ्या जहाजांचा खोल मार्ग ओलांडायचा असतो, आणि त्या अरुंद मार्गात लहान बोटीने जहाजाला अडथळा करायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे सगळे दोघांना नीट जमते: एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने शिडे आणि नकाशा सांभाळायचा, थकल्यावर अदलाबदल करायची. दोन माणसे बोटीकडून किती काम करून घेऊ शकतात, याचा पुरावा आपल्याच नौदलाने दिला आहे. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ घेऊन २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २९ मे २०२५ रोजी परतल्या. त्या प्रशिक्षित अधिकारी होत्या आणि त्यांच्यामागे मोठी तयारी होती, त्यामुळे सामान्य हौशी जोडप्याशी त्यांची तुलना करता येणार नाही. पण दोन जोड्या हातांवर शिडाची बोट चालते, हे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. दोघांचे हात अपुरे पडतात ते धक्क्याजवळ. तिथे सुकाणू, इंजिन, दोर आणि फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या उशा) यांच्याकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते, आणि किनाऱ्यावर दोर झेलणारा कुणी असेलच असे नाही.

ही अडचण शक्तीने सुटत नाही, क्रमाने सुटते. धक्का दिसण्यापूर्वीच फेंडर लटकवायचे, दोर तयार ठेवायचे आणि कोण काय करणार ते बोलून घ्यायचे. इंजिनाच्या आवाजात ऐन वेळी ओरडलेले शब्द पोहोचत नाहीत, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवायच्या. मग वारा आणि प्रवाह यांपैकी जे जोरदार असेल त्याच्याकडे तोंड करून, सुकाणू ऐकेल एवढाच वेग ठेवून यायचे. उलट्या गिअरमध्ये बोट थांबते, पण पंखा तिची पिछाडी एका बाजूला ओढतो. पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा असेल तर ती डावीकडे जाते. हे ज्याला ठाऊक आहे, तो शक्य तिथे डावी बाजू धक्क्याला लागेल असा येतो आणि त्याच ओढीचा उपयोग करून घेतो. पुढच्या टोकाचा दोर आधी बांधून ओढणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. त्याने पुढचे टोक आत येते आणि पिछाडी बाहेर फेकली जाते. त्याऐवजी बोटीच्या मध्यावरचा एकच दोर धक्क्याच्या क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवर, टाकायचा, इंजिन अगदी हळू पुढे चालवायचे आणि सुकाणू धक्क्यापासून दूर वळवायचे. त्या एका दोरावर बोट धक्क्याला चिकटून स्थिर राहते आणि उरलेले दोर सावकाश बांधता येतात. दोर हाताने न पेलता क्लीटला वेढा देऊन धरायचा, उडी न मारता पाऊल टाकून उतरायचे, आणि बोट व धक्का यांच्यामध्ये हात-पाय कधीही घालायचे नाहीत. या कौशल्याला दांडगे खांदे लागत नाहीत. म्हणूनच पुरुषाने सुकाणू धरावे आणि बाईने दोर घेऊन धक्क्यावर झेपावावे, या वाटणीला काही आधार नाही. उलट सुकाणूवर बळ कमी लागते आणि डोके जास्त.

मात्र या सगळ्या युक्तीला एक गोष्ट गृहीत धरावी लागते. धक्का बोटीच्या उंचीला असला पाहिजे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, आणि भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास इथे भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे संध्याकाळी सहा-सातला, नेमके परतण्याच्या वेळी, पाणी तळाला गेलेले असते. दगडी धक्क्याच्या पायऱ्या तेव्हा शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात, आणि धक्क्याचा माथा बोटीतल्या माणसाच्या डोक्यावर जातो. भरतीला ताणून बांधलेली बोट ओहोटीला दोरांवर लटकते, म्हणून कुणीतरी रात्रभर दोर सैल-घट्ट करत बसायला हवे. मरिनाचे उत्तर म्हणजे तरंगता धक्का. समुद्रतळात रोवलेल्या खांबांना कड्यांनी अडकवलेला हा पाँटून पाण्याबरोबर वर-खाली होतो. बोटही त्याच पाण्यावर असते, त्यामुळे दोघांमधले अंतर चोवीस तास सारखे राहते. दोर एकदा बांधला की बांधला. मुख्य पाँटूनला काटकोनात जोडलेल्या अरुंद फळ्यांमुळे प्रत्येक बोटीला चढण्या-उतरण्यासाठी स्वतःची बाजू मिळते. जमिनीशी जोडणारा झुलता पूल भरतीला जवळपास सपाट असतो आणि ओहोटीला उतरता होतो. पाच मीटरांचा फरक गृहीत धरला आणि पूल चाळीस मीटरांचा घेतला, तर सर्वांत कठीण वेळीही उतार आठास एक राहतो. लहान मूल किंवा काठी टेकत चालणारा माणूस तिथून हाताला धरून नेता येतो.

अर्थात पाँटून म्हणजे मरिना नव्हे. त्याला आधी शांत पाणी लागते. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसजवळच्या मरिना डेल रे या प्रचंड मरिनाने हा धडा महागात घेतला. १९६२-६३च्या हिवाळी वादळांतल्या लाटा थेट आत शिरल्या, बोटींचे आणि पाँटूनांचे नुकसान झाले, आणि तोंडासमोर लाटरोधक बंधारा घातल्यानंतरच ती जागा निर्धास्त झाली. जिथे निसर्गानेच आसरा दिला आहे तिथे हा खर्च कमी होतो. देशातली पहिली मानली जाणारी मरिना कोचीत बोलगट्टी बेटावर झाली, त्यामागे हेही कारण आहे: तिथे बंदराचे आतले पाणी शांत आहे आणि भरती-ओहोटीचा फरक साधारण मीटरभर. आपल्याकडे फरक मोठा आहे, पण आसऱ्याची कमतरता नाही. मुंबईहून दक्षिणेकडे निघाले तर कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा, मग राजपुरीची खाडी, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, पुढे रत्नागिरी आणि वाघोटण खाडीवर विजयदुर्ग. यांतली बहुतेक अंतरे पंधरा ते सव्वीस सागरी मैलांची आहेत. पाच नॉटने जाणाऱ्या बोटीला ती तीन ते पाच तासांत, दिवसाउजेडी कापता येतात. किनाऱ्याने जणू दोघांच्या बोटीसाठीच रोजच्या मजला आखून ठेवल्या आहेत. आपल्या पूर्वजांना याची जाण होती. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीकाठचा खडक खोदून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते.

आणि तरीही या किनाऱ्यावर जहाजातून जमिनीवर पाऊल टाकणे कधीच सोपे झाले नाही. कोकणच्या आगबोटींच्या काळात अनेक बंदरांपुढे बोट दूर नांगर टाकून उभी राहायची, आणि बायका-मुले सामानासह हेलकावणाऱ्या पडावात उतरायची. आगबोटी बंद पडण्यामागे रस्ते आणि एसटीची मोठी स्पर्धा होती हे खरेच. पण ज्या प्रवासाची सुरुवात आणि शेवट असा जिवावर बेतणारा, तो लोकांनी पर्याय मिळताच सोडला यात नवल नाही. हर्णैला मासळीचा लिलाव वाळूवर भरतो, कारण मोठ्या होड्या पाण्यात उभ्या असतात; मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून काठावर आणावी लागते. गेटवेला प्रवासी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकत पायऱ्या गाठतात. याउलट १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यासाठी सुरू झालेल्या रो-रो सेवेत माणसे आपल्या गाडीसह चढतात आणि उतरतात. समुद्र तोच आहे. मांडव्याला बंधारा आणि बोटीला साजेसे उतरण्याचे ठिकाण झाले, एवढाच फरक. दोघांची कसोटी फक्त हौशी लोकांसाठी नाही, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

यावर पहिला आक्षेप असा की, सरकारने श्रीमंतांच्या खेळण्यांवर पैसा का घालावा? आक्षेप योग्य आहे, आणि पुष्कळ मरिना प्रकल्पांना तो लागूही पडतो, कारण त्यांचा जीव बोटींपेक्षा भोवतालच्या सदनिकांत असतो. पण व्यवस्था दुसऱ्या प्रकारेही लावता येते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन आणि समोरच्या आइल ऑफ वाइटवर यार्मथ ही बंदरे विश्वस्त मंडळांकडे आहेत. तिथे भागधारक नाहीत. शिल्लक राहील ती बंदरातच खर्च होते. मासेमार, फेरी आणि एका रात्रीसाठी आलेले पाहुणे एकाच बंदरात नांदतात, आणि हौशी बोटींच्या भाड्यातून सर्वांच्या सोयीला हातभार लागतो. सार्वजनिक पैसा बंधारा, गाळउपसा आणि पाहुण्यांसाठीच्या पाँटूनपुरता घालावा, कायमच्या जागांचे पूर्ण भाडे मालकांकडून घ्यावे, ही विभागणी आपल्याकडेही करता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाडी कोळी आणि दालदी समाजाची कामाची जागा आहे. तिथली कांदळवने माशांची पैदास सांभाळतात. चुकीच्या जागी घातलेला बंधारा वाळूची वाट अडवतो, आणि शेजारचा किनारा खचू लागतो. बोटींच्या तळाला लावायच्या रंगातले विष पाण्यात उतरते. त्यांतले ट्रायब्युटिल्टिन हे सर्वांत घातक रसायन जगभर बंद करायला २००८ साल उजाडले. या सगळ्याला ‘विकास’ हा एक शब्द उत्तर होऊ शकत नाही. उत्तर अटींत आहे. भराव टाकून जमीन करण्यापेक्षा खांबांवरचा तरंगता धक्का खाडीला कमी इजा करतो आणि नको झाला तर उचलता येतो. कांदळवन असेल तिथे तो नकोच. पहिली जागा मासेमारांची असावी, मासळी उतरवण्याचा पाँटून आधी व्हावा, आणि बोटींचे मैलापाणी काठावर ओढून घेण्याची सोय झाल्याखेरीज एकाही पाहुण्या बोटीला जागा देऊ नये. ज्या गावात या अटी पाळता येत नाहीत, त्या गावाने नकार दिला तर तो नकार मान्य केला पाहिजे.

तिसरा आक्षेप पावसाळ्याचा. चार महिने समुद्र बंद, मग एवढा खर्च कशासाठी? इथे परदेशी नमुना जसाच्या तसा आणला तर तो फसेल, हे मला मान्य आहे. पण याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या आहे. जूनच्या तोंडावर कोकणात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, त्यांची डागडुजी होते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नवा हंगाम सुरू होतो. म्हणून आपली मरिना निम्मी पाण्यात आणि निम्मी जमिनीवर असायला हवी: बोट उचलण्याची यारी, उंचावरचे पक्के आवार, सुतार, शिडे शिवणारे आणि इंजिनाचे कारागीर. पाण्यातले काम थांबते तेव्हा काठावरचे सुरू होते, आणि गावातल्या हातांना वर्षभर काम देणारी बाजू हीच आहे.

महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत ४८ लहान बंदरे आहेत. त्या सगळ्यांवर भव्य मरिना उभारायची मागणी मी करणार नाही. ती परवडणारी नाही आणि गरजेचीही नाही. एका दिवसाच्या मजलेवर एक, असे निवडक खाड्यांत साधे तरंगते धक्के हवेत: दहा-बारा बोटींची जागा, मासेमारांसाठी राखीव बाजू, पिण्याचे पाणी, रात्रीचा दिवा, रेडिओवर उत्तर देणारा एक माणूस आणि गाळ उपसण्यासाठी दरवर्षीची तरतूद. ही शेवटची बाब सर्वांत आधी लिहून ठेवावी, कारण खाड्यांच्या मुखांशी वाळूचे दांडे साचतात आणि उद्घाटनानंतर विसरलेला धक्का काही वर्षांत चिखलात बसतो. काम पूर्ण झाले की नाही ते पाहुण्यांच्या भाषणांवरून ठरवू नये. उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या तळाला, संध्याकाळच्या वाऱ्यात दोन माणसांनी एक बोट आणावी; ती कुणाला हाक न मारता बांधता आली आणि त्याच फळीवरून मासळीची टोपली घेतलेली बाई तोल न जाता वर चढली, तरच कंत्राटदाराचे अखेरचे देयक मंजूर व्हावे.