पडक्या घराच्या मालकाला गाठताना

कोकणातल्या बहुतेक वाड्यांत असं एखादं घर दिसतंच. कौलं खाली आलेली, चिऱ्याच्या भिंतीत पिंपळ रुजलेला आणि खळ्यातलं तुळशीवृंदावन मात्र शाबूत. घर पसंत पडलं की पहिला प्रश्न येतो ‘केवढ्याला?’ खरं तर आधी विचारायचं असतं, ‘कोणाकोणाचं?’

गैरसमज : बारा वर्षं कोणी फिरकलं नाही, म्हणजे घर बेवारस.
वस्तुस्थिती : १९६३च्या मुदतीच्या कायद्यातली बारा वर्षं घर बंद राहिल्याची नाहीत. कोणीतरी मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे आणि सलग ताबा ठेवावा लागतो. शेजारी मालकाला विचारून पडवीत लाकडं रचत असेल, तर तो असा ताबा नव्हे. मुंबईत राहणारा मालक मालकच राहतो.

गैरसमज : घरपट्टी ज्याच्या नावाची, तो मालक.
वस्तुस्थिती : ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर कधी कधी वारलेल्या आजोबांचंच नाव असतं. तिथून शोध सुरू करावा. पुढे सातबारा, फेरफार आणि गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका पाहावी. घर एकाचं, जमीन दुसऱ्याची, हेही कोकणात नवल नाही. जमीन शेतीची निघाली, तर कूळकायद्याच्या कलम ६३मुळे शेतकरी नसलेल्याला ती सरसकट घेता येत नाही.

गैरसमज : गावातल्या थोरल्या काकांनी होकार दिला की झालं.
वस्तुस्थिती : वडिलोपार्जित घरात लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही हिस्सा असतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून खरेदीखतावर सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

गैरसमज : सगळे तयार नसतील, तर एकाचा हिस्सा घेऊन आत शिरू.
वस्तुस्थिती : एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४नुसार त्याला बाकीच्यांसोबत ताबा मागता येत नाही. हाती उरतो तो वाटपाचा दावा.

गैरसमज : घर पडकं आहे, हे ऐकवलं की भाव उतरतो.
वस्तुस्थिती : बहुतेकदा माणूस दुखावतो आणि बोलणं तिथेच तुटतं. पहिल्या फोनवर एवढंच पुरे : “काका, घर द्यायचं तुमच्या मनात आहे का? असेल तर सगळ्यांना एकदम भेटायला येतो.” गणपतीत किंवा मे महिन्यात मुंबईकर गावी असतात, तेव्हा ही भेट सोपी जाते. तिथे कोणी “ताईला विचारून सांगतो” म्हणालं, तर ताईचा होकार येईपर्यंत विसाराची रक्कम देऊ नये.