चिखलाने राखलेली पत्रं

मुलांनो, आज एका चिखलाची गोष्ट सांगतो. एक मोठं साम्राज्य बुडालं, त्याचे लाकडी किल्ले मोडले, शिपाई मातीत मिसळले. पण त्यांचे बूट, मोज्यांच्या गाठोड्याबरोबर आलेली चिठ्ठी, वाढदिवसाचं बोलावणं हे सगळं त्या चिखलाने एकोणीसशे वर्षं सांभाळलं.

ही गोष्ट उत्तर ब्रिटनमधली, म्हणजे रोमन साम्राज्याच्या अगदी टोकाची. इ.स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियन स्वतः तिथे आला आणि एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत तट घालायचं काम सुरू झालं. लांबी सुमारे ११७ किलोमीटर. पूर्वेकडे दगडी बांधकाम. पश्चिमेकडे आधी गवतासकट कापलेले मातीचे ठोकळेच रचले होते. दर रोमन मैलावर, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवर, एक छोटी गढी आणि दोन गढ्यांच्या मध्ये दोन टेहळणी बुरूज. तट बांधला रोमच्या तीन मोठ्या फौजांनी, पण तिथे थंडीवाऱ्यात पहारा दिला दूरदूरच्या प्रांतांतून भरती केलेल्या पलटणींनी. कोणी ऱ्हाइन नदीच्या मुखाजवळचे, कोणी आजच्या बेल्जियममधले, तर कोणी थेट सीरियाचे तिरंदाज.

मधल्या भागात हा तट एका उंच कड्याच्या माथ्यावरून जातो. त्याचं नाव विन सिल. सुमारे साडेएकोणतीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातला शिलारस चुनखडी आणि वालुकाश्माच्या थरांमध्ये आडवा घुसला आणि वर न येता तिथेच थंड झाला. त्याचा डोलेराइट नावाचा काळा, कठीण दगड बनला. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट त्याच कुळातला, फक्त तो जमिनीवर येऊन थंड झाला आणि वयाने बराच लहान आहे. पुढे ते थर कलले, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि हा काळा दगड तेवढा उभा राहिला. दक्षिणेकडे सौम्य उतार, उत्तरेकडे तुटलेला कडा. आणि रोमनांना भीती होती ती उत्तरेकडूनच! इतर ठिकाणी त्यांनी तटापुढे खोल खंदक खणला, पण कड्यावर त्याची गरजच नव्हती. ताशीव कड्याची किंमत गडकोटांच्या मुलखातल्या माणसांना वेगळी सांगायला नको.

तटाच्या दक्षिणेला जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर विंदोलांडा नावाचं ठाणं आहे. ते तटाहूनही जुनं, इ.स. ८५च्या सुमाराचं. तिथे नवी पलटण आली की जुना लाकडी किल्ला पाडायची, त्यावर चिकणमाती आणि गवताचे ठोकळे पसरायची आणि वर आपला नवा किल्ला उभारायची. असं एकावर एक अनेकदा झालं. घरात जमिनीवर नेचे आणि पेंढा अंथरायची पद्धत होती. त्यातच फाटके बूट, हाडं, चामड्याचे तुकडे, जनावरांची घाण, सगळं तुडवलं जायचं. शास्त्रज्ञांना त्या अंथरुणात माशांचे हजारो कोश सापडले आहेत.

तुम्ही म्हणाल, आजोबा, मग हे सगळं कुजलं कसं नाही? तर ऐका. लाकूड-चामडं झपाट्याने कुजवणाऱ्या बुरशीला आणि बहुतेक जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. इथे वर चिकणमातीचा घट्ट थर आणि खाली पाण्याने गच्च भरलेली माती. आत अडकलेला थोडाफार ऑक्सिजन संपला आणि नवा शिरायला वाट उरली नाही. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा तवंग ठेवतात ना, हवा लागू नये म्हणून? तेच काम इथे त्या मातीने केलं. काही ठिकाणी तर हाडांतलं फॉस्फेट आणि मातीतलं लोह मिळून व्हिव्हियानाइट नावाचं खनिज तयार झालं. जमिनीत असताना ते जवळपास रंगहीन असतं, पण उकरून काढून हवा-उजेड लागला की निळंशार होतं!

१९७३ साली रॉबिन बर्ली या पुरातत्त्वज्ञांना तिथल्या चरात लाकडाच्या पातळ चकत्या मिळाल्या. जाडी एक ते तीन मिलिमीटर, दिसायला रंध्याखालून निघालेल्या ढलप्यांसारख्या. एकमेकींना चिकटलेल्या दोन चकत्या अलगद सोडवल्या, तर आत शाईची अक्षरं! पण हवा लागताच लाकूड काळवंडलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली. मग अवरक्त किरणांनी छायाचित्रं घेतली. शाई होती काजळीची, म्हणजे कार्बनची. कार्बन ते किरण शोषून घेतो आणि काळवंडलेलं लाकूड ते परतवतं, म्हणून फोटोत अक्षरं पुन्हा उमटली.

काय होतं त्या पत्रांत? एका पलटणीची १८ मेची हजेरी आहे. पटावर ७५२ माणसं, पैकी ४५६ कामगिरीवर बाहेरगावी. ठाण्यात उरलेल्या २९६ पैकी १५ आजारी, ६ जखमी आणि दहा जणांचे डोळे आलेले. लढायला धड २६५. रोमन फौज म्हटली की आपल्याला चकाकणारी शिरस्त्राणं आठवतात. मला मात्र चुलीच्या धुरात डोळे चोळणारे ते दहा जण जास्त खरे वाटतात. आणखी एक चिठ्ठी सांगते, मोजे, सपातांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्या आहेत. मास्क्लुस नावाचा अधिकारी वरिष्ठांना कळवतो की जवानांची बिअर संपली, पाठवायची व्यवस्था करा. आणि एका हिशेबात गाम्बाक्स नावाच्या माणसापुढे मिरीची खरेदी मांडलेली आहे, दोन दिनारांची. त्या काळात रोमनांकडची काळी मिरी जायची ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. विचार करा, केरळातल्या वेलीवरचे दाणे जहाजाने, उंटाने, पुन्हा जहाजाने जात जात त्या थंडगार ठाण्यात पोचले!

माझं सगळ्यात आवडतं पत्र इ.स. १००च्या आसपासचं. एका अधिकाऱ्याची बायको क्लॉडिया सेव्हेरा, विंदोलांडाच्या सेनाधिकाऱ्याच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला बोलावते. मुख्य मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आहे, पण खाली तिने स्वतःच्या हाताने चार मायेचे शब्द लिहिले आहेत. बाईच्या हातच्या लॅटिन लिखाणाचे जे नमुने आज शिल्लक आहेत, त्यांत हा सर्वांत जुन्यांपैकी आहे.

साध्या शिपायांना मात्र कायद्याने तेव्हा लग्नाची परवानगी नव्हती. म्हणून पूर्वी अभ्यासक समजत की ठाण्यांच्या आत नुसते पुरुषच राहत. मग बूट निघू लागले. आजवर पाच हजारांच्या वर निघालेत, आणि त्यांत बायकांचे आहेत, चिमुकल्या पोरांचेही आहेत, तेही शिपायांच्या बराकींमधून. दगडी तट कितीही वाचला असता तरी त्याने हे सांगितलं नसतं.

आता त्या चिखलावर संकट आलंय. हवामान बदलतंय, कोरडे उन्हाळे वाढताहेत. माती सुकली की तिला भेगा पडतात, भेगांतून हवा आत जाते आणि एकोणीसशे वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. शेजारच्याच मॅग्ना नावाच्या ठाण्यात ही भीती मोठी आहे. तिथे मातीतला ओलावा मोजणारी यंत्रं बसवली आहेत आणि २०२३ पासून खोदकामही चालू आहे, जे जाईल ते जायच्या आत हाती यावं म्हणून.

मोठे होऊन कधी तिकडे गेलात तर तट बघाच. पण लेपिडिनाला आलेलं ते आमंत्रण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि पोरांचे बूट विंदोलांडाच्या संग्रहालयात. ते दोन्ही पाहिल्याशिवाय परत येऊ नका.