पाऊल अडखळतं तेव्हा: एमएस आणि विद्युत उत्तेजन

वाशी स्टेशनचा जिना चढताना पायाचा अंगठा पायरीला अडकला, की वाटतं पायातली ताकदच गेली. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, मूळ बिघाड पायात नसतो. तो मेंदूत आणि मज्जारज्जूत असतो. तिथल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि ‘पाऊल उचल’ हा निरोप वाटेतच अडतो. पायातली नस सहसा शाबूत असते. विद्युत उत्तेजन याचाच फायदा घेतं.

गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला ही नस हाडाला लागून वळते. तिथे त्वचेवर इलेक्ट्रोडच्या चिकटपट्ट्या लावतात. टाच उचलली, की बुटातला स्विच यंत्राला कळवतो. मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि पाऊल वर उचललं जातं. १९६१ मध्ये लिबरसन आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती पक्षाघाताच्या रुग्णांसाठी मांडली. पुढे ती एमएसमध्येही आली.

आता खरं सांगतो. यानं आजार बरा होत नाही, औषधं थांबवायची नाहीत. यंत्र काढलं, की परिणामही बराचसा ओसरतो. पण तेवढ्या वेळात चालणं सुधारलं, तर तेही थोडं नाही. पेसमेकर असेल, फिट येत असतील, त्वचेवर जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका.

विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर यंत्रासह आणि यंत्राशिवाय चालून बघा. दोन्ही वेळा एकाच दिवशी, गारव्यात. आपल्याकडच्या उकाड्यात एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, मग तुलना फसते.