कळ, क्रमांक आणि अक्षर : एक्स विंडो पद्धतीतील कळफलकाची योजना

टंकलेखन यंत्रात कळ आणि अक्षर यांचे नाते धातूत घडविलेले असते. कळ दाबली की तिला जोडलेला खिळा फितीवर आपटतो आणि त्यावर कोरलेले अक्षर कागदावर उमटते. हे अक्षर बदलावयाचे तर खिळाच बदलावा लागतो. संगणकाच्या कळफलकावरही अक्षरे छापलेली असल्यामुळे तेथेही हीच व्यवस्था असावी, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. संगणकाची कळ अक्षर पाठवीत नाही. ती केवळ आपली ओळख पटविणारा क्रमांक पाठविते. त्या क्रमांकाचा अर्थ पुढे एका तक्त्यावरून ठरतो, आणि हा तक्ता वापरणाऱ्यास बदलता येतो. लिनक्स व युनिक्स संगणकांवर दीर्घकाळ प्रचलित असलेल्या एक्स विंडो पद्धतीत ही विभागणी विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

एक्स पद्धतीचा आरंभ १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाला, आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. या पद्धतीत कामाची वाटणी दोन पक्षांत केलेली आहे. पडदा, माऊस व कळफलक यांचा ताबा सर्व्हर नावाच्या कार्यक्रमाकडे असतो. ज्यांच्या खिडक्या पडद्यावर दिसतात, ते संपादक आदी कार्यक्रम क्लायंट म्हणून ओळखले जातात. कळ दाबली जाताच सर्व्हर संबंधित क्लायंटला दोन गोष्टी कळवितो : कळीचा क्रमांक, म्हणजे कीकोड, आणि त्या क्षणी शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कोणत्या परिवर्तक कळा दाबलेल्या आहेत याची नोंद. कीकोड ८ ते २५५ या मर्यादेत असतो. परिवर्तकांच्या जागा आठ आहेत : शिफ्ट, लॉक, कंट्रोल आणि मॉड १ ते मॉड ५. कोणते अक्षर अभिप्रेत आहे, हे सर्व्हर या संदेशात सांगत नाही.

अक्षर ठरविण्याचे काम क्लायंटच्या बाजूस होते. सर्व्हरजवळ ठेवलेल्या तक्त्याची प्रत क्लायंट मागवून घेतो. तक्त्यात प्रत्येक कीकोडासमोर एक किंवा अधिक चिन्हे अनुक्रमे मांडलेली असतात. या चिन्हांना कीसिम म्हणतात. साध्या व्यवस्थेत शिफ्ट दाबलेली नसेल तर पहिले आणि दाबलेली असेल तर दुसरे चिन्ह निवडले जाते. प्रत्येक कीसिमलाही संख्या असते. युनिकोडमधील अक्षरांसाठी षोडशमान पद्धतीतील १०००००० या संख्येत त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक मिळवितात. ‘र’चा क्रमांक ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१ असल्यामुळे त्यांची कीसिम अनुक्रमे १०००९३० व १०००९३१ अशी होतात.

या योजनेचे महत्त्व मराठीच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. हा भेद एका रकाराच्या रूपावर अवलंबून आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली आयएस १३१९४ या मानकात नोंदविलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत रोमन ‘जे’च्या कळीवर ‘र’ आणि शिफ्टसह ‘ऱ’ आहे. ‘डी’च्या कळीवर हलन्त चिन्ह आणि तिरप्या रेघेच्या कळीवर ‘य’ आहे. लिनक्सवरील एक्स पद्धतीत सामान्यतः या तीन कळांचे कीकोड ४४, ४० आणि ६१ असतात. म्हणजे ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ या दोहोंसाठी सर्व्हर तेच तीन क्रमांक त्याच क्रमाने पाठवितो. फरक एवढाच की दुसऱ्या प्रसंगी ४४ बरोबर शिफ्टची नोंद असते. तक्त्यातील दुसरी जागा रिकामी असती, तर याच कळांनी स्वयंपाक्याचा शब्द लिहिता आला नसता.

तक्ता बदलण्याचे जुने साधन म्हणजे एक्समॉडमॅप. ‘कीकोड ४४ वर र आणि ऱ ठेवावेत’ अशा अर्थाची एक ओळ त्यास दिली की सर्व्हरजवळील नोंद बदलते. सर्व्हर लगेच सर्व क्लायंटना बदलाची सूचना देतो आणि ते आपली प्रत नव्याने मागवितात. परंतु हा बदल चालू सत्रापुरताच टिकतो, आणि पुढे संपूर्ण नवा तक्ता लावला गेल्यास पुसला जातो. शिवाय दोन-तीन लिप्यांची अदलाबदल या साधनाने करणे कष्टाचे होते. ही उणीव १९९६ च्या सुमारास आलेल्या एक्सकेबी या विस्ताराने दूर केली. त्यात एका कळीस चार गटांपर्यंत मांडण्या देता येतात आणि प्रत्येक गटात अनेक पायऱ्या ठेवता येतात. एका गटात रोमन व दुसऱ्यात देवनागरी ठेवून दोहोंमध्ये ये-जा करता येते. मांडण्या साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेल्या असल्यामुळे नवी मांडणी रचण्यास मूळ कार्यक्रमास हात लावावा लागत नाही.

तथापि या तक्त्याची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. एक्स पद्धतीत कळीच्या एका पायरीवर एकच चिन्ह बसते. ‘क्ष’ हे युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचे बनलेले असल्यामुळे ते या तक्त्याच्या आधारे एकाच कळीवर ठेवता येत नाही. त्यासाठी इनपुट मेथड हा निराळा कार्यक्रम कळ आणि संपादक यांच्यामध्ये योजावा लागतो. तो आलेली चिन्हे पाहून त्यांऐवजी हवी ती अक्षरमालिका पुढे पाठवितो.

एक्सची जागा अनेक ठिकाणी आता वेलँड या पद्धतीने घेतली आहे. तरीही तीत क्रमांक आणि तक्ता क्लायंटकडे जातात, व अक्षर तेथेच ठरते. यावरून निघणारा निष्कर्ष असा : कळेवर छापलेले अक्षर ही केवळ खूण आहे, आणि एखाद्या भाषेची सोय करण्यासाठी यंत्र नव्याने घडवावे लागत नाही. मात्र त्या भाषेची नेमकी गरज जाणणाऱ्या व्यक्तीने तक्त्यात योग्य अक्षर योग्य जागी लिहिलेले असले पाहिजे.